मोटार पाणी ओढत नाही, हवा ते वर ढकलते

मार्च सरला की आपल्या जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलतो. जानेवारीत जी मोटार एकसुरी घुमत होती, तीच एप्रिलात खडखडायला लागते. पंपात कुणी मूठभर गिट्टी टाकली असावी, असा आवाज. पाइपाच्या तोंडाला पाणी येतं, पण पहिल्यासारखी भरगच्च धार नसते. मग मेस्त्री येतो, पंप खोलतो, आत खडा काही सापडत नाही. तो बेअरिंग बदलून जातो. चार दिवसांनी पुन्हा तोच आवाज. शेवटी पारावर कुणीतरी सल्ला देतो, ‘पाचाची काढा अन् साडेसाताची बसवा.’ तीही बसवली जाते आणि खडखडाट आणखी वाढतो.

हा आवाज खड्याचा नाही आणि बऱ्याच वेळा बेअरिंगचाही नाही. तो पाण्याचाच आहे. यंत्रशास्त्रात त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, म्हणजे पाण्यात पोकळ्या होणे. हा प्रकार काय आहे, तो आपल्याकडे उन्हाळ्यातच का उपटतो आणि त्याच्यावर खर्च न करता काय करता येतं, एवढं आज सविस्तर पाहू. खर्च न करता म्हणायचं कारण असं की, या आजारावर आपण जो खर्च करतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो.

हवेच्या ताकदीला मर्यादा आहे

‘मोटार पाणी ओढते’ असं आपण सगळेच म्हणतो. बोलायला ठीक आहे, पण पाण्याला धरून ओढता येत नाही. पंपातला पंखा, म्हणजे इंपेलर, फिरताना आतलं पाणी बाहेरच्या कडेकडे फेकतो. त्यामुळे पंख्याच्या मधोमध, जिथं सक्शनचं तोंड आहे, तिथला दाब कमी होतो. इकडे विहिरीतल्या पाण्यावर हवा बसलेली असते. हवेला वजन आहे. ते वजन पाण्याला दाबतं आणि पाणी जिकडे दाब कमी तिकडे, म्हणजे पाइपातून वर चढतं. पंप नुसती जागा करून देतो. ढकलण्याचं काम हवेचं. शहाळ्यात नळी घालून पाणी पितो तेव्हाही हेच घडतं.

पण ही हवा पाण्याला कितीही वर ढकलू शकत नाही. समुद्रकाठी ती पाण्याला फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट उचलते. पाइपात शंभर टक्के पोकळी केली तरी त्याच्या पुढे एक बोटभर नाही. इटलीत हे सतराव्या शतकातच लोकांच्या ध्यानात आलं होतं. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात अशाच एका पंपाची हकिकत दिली आहे. पाणी ठरावीक पातळीच्या वर असेतो पंप चाले, त्याच्या खाली गेलं की पंपात काही बिघाड नसूनही तो कोरडा. पुढे त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेऊन काचेच्या नळीत प्रयोग केला, आणि हवेच्या वजनाची गोष्ट सिद्ध झाली.

हे ३४ फूट समुद्रकाठचे आहेत. आपण बालाघाटच्या पठारावर राहतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. जेवढं वर जावं तेवढं डोक्यावरचं हवेचं ओझं कमी. आपल्याकडे हवा पाण्याला साडेनऊ मीटरच उचलते, म्हणजे सुमारे ३१ फूट. मुंबईच्या मानाने अडीच फुटांचा तोटा आपल्याला जन्मजात आहे. परंड्याकडे सीनेच्या खोऱ्यात थोडा कमी, भूम-वाशीच्या माथ्यावर थोडा जास्त. कंपनीच्या माहितीपत्रकात सक्शनची उंची दिलेली असते ती सहसा समुद्रसपाटीची. ती वाचताना हे अडीच फूट आधी वजा करावेत.

कपातीनंतर हातात काय पडतं

मग ३१ फुटांवरून तरी पाणी येईल ना? नाही. साखर कारखान्याच्या बिलातून जशा एकेक कपाती होत जातात, तशीच इथली गोष्ट आहे.

पहिली कपात पाण्याची स्वतःची. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी २८-३० अंश गरम असतं. एवढ्या तापमानाच्या पाण्याची वाफ होऊ नये म्हणून सुमारे ०.४ मीटर दाब राखून ठेवावा लागतो. दुसरी कपात पंपाची. पाणी पंख्यात शिरताना एकदम वेग घेतं, वळतं आणि तिथं दाब आणखी पडतो. त्यासाठी पंपाच्या तोंडाशी काही दाब शिल्लक लागतो. माहितीपत्रकात तो ‘एनपीएसएच’ या नावाने दिलेला असतो. आपल्या नेहमीच्या पाच अश्वशक्तीच्या मोनोब्लॉकला तो ३ मीटरच्या आसपास धरा. तिसरी कपात फूटव्हॉल्व्ह, पाइप आणि बेंड यांच्या घर्षणाची, एक ते दीड मीटर. वर अर्धा मीटर सुरक्षेसाठी.

हिशेब करा. साडेनऊमधून हे सगळं वजा जाता हातात सवाचार ते साडेचार मीटर राहतात. म्हणजे ढोबळ १४-१५ फूट. पाण्याची पातळी पंपापासून एवढीच खाली असावी. पाणी जसं याच्या खाली जाईल तशी पंपाच्या आत कुरबूर सुरू होते.

यावर कुणी म्हणेल, ‘आमची मोटार तर बावीस फुटांवरून पाणी देते.’ देत असेल. पाणी येणं आणि पंप सुखरूप चालणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बावीस फुटांवर पाणी कमी येतं आणि पंखा झिजत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

गार पाणी उकळतं तेव्हा

पाणी १०० अंशाला उकळतं असं शाळेत शिकलो. ते समुद्रकाठी. आपल्याकडे ते ९८ अंशाच्या आसपास उकळतं, आणि हिमालयात त्याच्याही पुष्कळ आधी. म्हणून तिथं डाळ लवकर शिजत नाही. दाब कमी होत गेला की उकळण्याचं तापमान उतरत जातं. आपल्याकडच्या हवेच्या दाबाचा बाविसावा हिस्सा उरला की ३० अंशाचं, हाताला गार लागणारं पाणीसुद्धा उकळतं. पंख्याच्या पात्याच्या पाठीमागे, सक्शनच्या बाजूला, नेमका एवढा दाब पडू शकतो. तिथं पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे धरतात. पाण्यात विरघळलेली हवा तर त्याच्याही आधी सुटायला लागते.

इथवर फारसं नुकसान नाही. खरा मार पुढे बसतो. हे बुडबुडे पाण्याबरोबर पात्याच्या बाहेरच्या कडेकडे जातात. तिथं दाब जास्त. दाब येताच बुडबुडा डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतो. चारी बाजूंचं पाणी त्या पोकळीत धाव घेतं, आणि लोखंडाजवळचा बुडबुडा मिटताना पाण्याची सुईसारखी धार थेट पात्यावर बसते. त्या टिपक्यावर हवेच्या दाबाच्या शेकडो-हजारो पट दाब येऊ शकतो. असे असंख्य घाव दर सेकंदाला बसत असतात. आपल्याला ऐकू येणारी ‘गिट्टी’ ती हीच.

ही भानगड आधी जगाच्या नजरेस आली ती शेतात नव्हे, समुद्रात. १८९३ च्या सुमारास इंग्रजांच्या आरमारातली ‘डेअरिंग’ नावाची बोट ठरलेला वेग काही केल्या घेईना. इंजिन दमदार, पण पंख्यामागं पाण्यात पोकळ्या होत आणि पंखा त्या पोकळ्यांतच फिरे. कॅव्हिटेशन हा शब्द त्याच काळातला. पुढे पार्सन्स या इंजिनिअरला आपल्या ‘टर्बिनिया’ बोटीसाठी हाच प्रश्न सोडवावा लागला, आणि बुडबुडा मिटताना किती दाब तयार होतो याचं गणित १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडलं. सांगायचा मुद्दा इतकाच की, जिथं इंजिनाची ताकद वाढवून इंग्रजांच्या आरमाराचं भागलं नाही, तिथं पाचाच्या जागी साडेसाताची मोटार बसवून आपलं भागणार नाही. मोठा पंप जास्त पाणी मागतो, जास्त पाण्याला जास्त वेग, जास्त वेगाला जास्त घर्षण. कपात वाढते, हवेचं ढकलणं तेवढंच राहतं.

पंप खोलाल तेव्हा पंखा हातात घेऊन नीट बघा. वाळूनं झिजलेला पंखा गुळगुळीत होतो, त्यावर पाण्याच्या वाटेनं चरे पडतात, कडा धारदार होतात. पोकळ्यांच्या मारानं गेलेला पंखा वेगळा दिसतो. वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखा, बोट फिरवलं तर खरखरीत, बारीक खड्डे खड्ड्यांत खड्डे. आणि हे खड्डे बहुधा पात्यांच्या आतल्या टोकाला, पाणी शिरतं त्या बाजूला असतात. असा पंखा दिसला की नुसता नवा पंखा टाकून उपयोग नाही. पुढच्या उन्हाळ्यात तोही तसाच होईल. बिडाच्या पंख्याऐवजी गनमेटलचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घेतला तर तो जास्त दिवस तग धरतो, पण आजार जात नाही. थरथरीनं बेअरिंग आणि सील जातं, सीलमधून पाणी मोटारीत शिरतं, आणि मग मोटार भरून आणायचा खर्च. मोटार जळाली म्हणून आपण व्होल्टेजला शिव्या घालतो. पुष्कळदा त्या रास्तही असतात. पण काही वेळा कारण सक्शनच्या पाइपात दडलेलं असतं.

मोटेला हा प्रश्न का नव्हता

आपल्या आजोबांच्या काळी याच विहिरींतून मोटेनं पाणी निघत होतं, आणि ते चाळीस-पन्नास फुटांवरूनही निघे. मोटेला ३१ फुटांची अट नव्हती, कारण मोट स्वतः पाण्यापर्यंत खाली जात होती. पाणी तिच्यात भरायचं आणि बैलांनी ते वर आणायचं. हवेच्या भरवशावर काही नव्हतं.

गावातल्या हातपंपाचंही तेच. सोलापूर आणि जालना या आपल्या शेजारच्या दोन गावांची नावं या हातपंपाच्या इतिहासात आहेत. तिथल्या मिशनच्या आणि विहीर खोदाईच्या कामातून ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाले, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातून ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडला. आज तो देशात गावोगाव दिसतो. त्याचा दांडा वर असला तरी पाणी उचलणारा सिलिंडर खाली बोअरमध्ये, पाण्याच्या पातळीखाली सोडलेला असतो. म्हणून शंभर फुटांवरून हातानं पाणी काढता येतं.

यातलं इंगित एकच आहे. पाणी वर ढकलायला मर्यादा मोटारीच्या ताकदीची; ताकद द्याल तितकं वर जाईल. उजनीचं पाणी कृष्णा-मराठवाडा योजनेतून आपल्या पठारावर चढवायचं काम याच जोरावर चालतं. पण खालून पंपापर्यंत पाणी यायला मर्यादा हवेची, आणि ती पैसे देऊन वाढत नाही. तेव्हा पंप पाण्याजवळ न्यावा.

पंप खाली, डिलिव्हरी लांब

आपल्याकडच्या विहिरी वर मुरूम आणि खाली काळा पाषाण अशा असतात. जिथं पाषाण लागला तिथं टप्पा काढून पंपाचा ओटा करता येतो. ऑक्टोबरात वरच्या ओट्यावर आणि फेब्रुवारीत खालच्या ओट्यावर, अशी दोन ठिकाणं आधीच करून ठेवलेली बरी. कासऱ्याला दगड बांधून पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. तेही मोटार दोन तास चालल्यावर, कारण मोटार चालू असताना पाणी किती खाली जातं तेच खरं. १५ फूट ओलांडले की पंप खाली न्यायची वेळ झाली.

‘पंप खाली नेला तर वर चढवायची उंची वाढेल, लाईट बिल वाढेल,’ अशी शंका काही जण काढतात. तसं होत नाही. पाण्यापासून दंडापर्यंतची एकूण उंची तीच राहते; सक्शनकडची कमी झाली, डिलिव्हरीकडची तेवढीच वाढली. मुरमात मात्र ओटा काढू नका, तो ढासळतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी पंप वर आणा. आणि विहिरीत उतरण्यापूर्वी स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा आणि वर एक माणूस उभा ठेवा.

ज्यांना हे जमत नाही त्यांना विहिरीतली पाणबुडी मोटार आहे. ती पाण्यातच बुडालेली असल्यामुळे सक्शनचा प्रश्न राहत नाही. पण पाणी तिच्या अंगाखाली गेलं की ती तापते. तेव्हा तिच्याही बाबतीत पातळीवर नजर ठेवावी लागतेच.

धरणाच्या पाणफुगवट्यावर मोटार असणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. मांजरा, निम्न तेरणा किंवा सीना-कोळेगाव, कुठलंही घ्या. उन्हाळ्यात पाणी मागे सरकत जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात तर मांजरा आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी काठावरचा पंप जागच्या जागी ठेवून आपण सक्शनचा पाइप लांबवत नेतो, कारण केबल आणि स्टार्टर हलवायचा कंटाळा. तीन इंची पाइपातून सेकंदाला १० लिटर पाणी जात असेल तर सक्शनच्या दर १०० फुटांना सहा फुटांच्या वर दाब नुसत्या घर्षणात जातो. उंची वाढली नाही तरी पंप मात्र सहा फूट वर नेल्यासारखा वागतो. लांबवायचं ते डिलिव्हरीकडून लांबवा आणि पंप पाण्यामागे हलवा.

पाइप, बेंड आणि फूटव्हॉल्व्ह

पंपाचं तोंड अडीच इंची आहे म्हणून पाइपही अडीच इंचीच, असा एक पक्का समज आहे. तो महागात पडतो. सेकंदाला १० लिटर देणारा पंप, आठ मीटर सक्शन पाइप, एक बेंड आणि चांगला फूटव्हॉल्व्ह धरा. अडीच इंची पाइपात सुमारे दोन मीटर दाब वाया जातो, म्हणजे साडेसहा फूट. तीन इंचीत अडीच फूट. चार इंचीत एक फूटसुद्धा नाही. अडीचाच्या जागी चार इंची पाइप टाकला तर विहीर एक फूटही न खोदता साडेपाच फूट खालचं पाणी पंपाच्या आवाक्यात येतं. विहीर साडेपाच फूट उतरवायला सुरुंग आणि क्रेनचे किती पैसे लागतात ते तुम्हीच जाणता.

मोठा पाइप लहान तोंडाला जोडताना रिड्युसर लागतो. तो वरून सपाट आणि खालून तिरपा असावा. दोन्हीकडून सारखा निमुळता असला तर वरच्या कोपऱ्यात हवा साठते. पाइप पंपाकडे येताना सतत थोडा चढता असावा. मधे उंचवटा आला की तिथंही हवेचं घर होतं. पंपाच्या तोंडाला चिकटून बेंड नको, हातभर तरी सरळ पाइप हवा. आणि बेंड काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा हवा.

फूटव्हॉल्व्हसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०८०५ हे मानक आहे. त्या छापाचा घेतला तर त्याचं तोंड मोकळं आणि जाळी ऐसपैस असते. बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळ फूटव्हॉल्व्ह आतून इतके चिंचोळे असतात की, चांगल्या पाइपाची सगळी कमाई तिथंच बुडते. बरं, कचरा जाऊ नये म्हणून आपण जाळीवर वर आणखी पोतं नाहीतर मच्छरदाणीचं कापड गुंडाळतो. आठ दिवसांत त्यावर शेवाळ धरतं आणि पंपाचा घसा आवळला जातो. कापड काढा, जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं घासा. फूटव्हॉल्व्ह पाण्यात दोन-तीन फूट बुडालेला आणि तळापासून दीड फूट वर असावा. पाणी उतरल्यावर वर भोवरा दिसू लागला तर त्यातून हवा आत जाते. तिथं दोरीनं बांधलेली एक फळी तरंगत सोडा, भोवरा मोडतो.

हवा की पोकळी, ओळखायचं कसं

दोन्हीत पाणी कमी येतं, म्हणून घोटाळा होतो. डिलिव्हरीचं पाणी बादलीत घ्या. पाणी दुधाळ दिसून हळूहळू निवळत असेल, धार फुसफुसत असेल, तर बाहेरची हवा कुठून तरी आत येते आहे. वाफेचे बुडबुडे पंपातच मिटून जातात, ते बादलीपर्यंत येत नाहीत; तिथं पाणी स्वच्छ पण आवाज गिट्टीचा. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू थोडा आवळा. खडखडाट कमी झाला तर तो पोकळ्यांचाच. कमी झाला नाही तर बेअरिंग किंवा कपलिंग बघा.

हवा शोधायला मोटार चालू असताना सक्शनच्या जोडांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. गळती असेल तिथं धूर आत ओढला जातो. वारा असेल तर साबणाचा फेस लावा. ग्लँडमधून पाणी थेंब थेंब पडलं पाहिजे. ती अगदी कोरडी दिसली की समजा, तिथून हवा आत जाते. पंप भरताना शेणकाला ओतायची आपली जुनी रीत आहे. फूटव्हॉल्व्हच्या वायसरमधली बारीक गळती त्यानं तेवढ्यापुरती बुजते हे खरं. पण पाणी २२ फूट खाली गेलं असेल तर शेणकाल्याचा काही इलाज चालणार नाही.

ज्याला अंदाजावर राहायचं नाही त्यानं सक्शनच्या तोंडाजवळ व्हॅक्यूम गेज बसवावं. ते पाऱ्याच्या इंचात असतं. एक इंच म्हणजे पाण्याचे १.१३ फूट. समुद्रकाठी काटा ३० पर्यंत जाऊ शकतो, आपल्याकडे पावणेअठ्ठावीसच्या पुढे जाणारच नाही. पाच अश्वशक्तीच्या पंपाला १५-१६ पर्यंत ठीक, त्यापुढे धोका. काटा रोज थोडा थोडा वर सरकत असेल तर विहिरीचं पाणी उतरतं आहे. एका दिवसात एकदम वर गेला तर जाळी तुंबली. खाली येऊन थरथरू लागला तर हवा शिरते आहे.

व्हॉल्व्ह कुठला आवळायचा

वरच्या परीक्षेत डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळायला सांगितला, सक्शनचा नव्हे. डिलिव्हरी थोडी आवळली की पाणी कमी होतं, वेग कमी होतो, घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज दोन्ही उतरतात. पंप खाली नेईपर्यंत चार-आठ दिवस काढायला हा उपाय चांगला. पूर्ण बंद करून मात्र चालवू नका, आत पाणी तापतं. सक्शनवर व्हॉल्व्ह बसवून तो आवळणं म्हणजे आजार स्वतःच्या हातानं वाढवणं.

२०१६ पासून शेततळ्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबर एक नवीन प्रकार दिसू लागला. लांबच्या रानात पाणी चढवायला घेतलेला जास्त उंचीचा पंप विहिरीशेजारचं शेततळं भरायला लावला जातो. पुढे अडवणूक काही नाही, त्यामुळे तो नेमापेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकतो. मालकाला आनंद होतो, आणि पंप पाणी भरपूर असतानासुद्धा खडखडतो. इथंही डिलिव्हरी आवळून पंपाला त्याच्या नेमावर आणायचं.

ॲटो स्विचची बाबही यातच येते. रात्रीच्या पाळीची लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, माणूस घरी झोपलेला. पहाटेपर्यंत पाणी दहा फूट उतरतं, पंप चार तास पोकळीवर फिरतो, नंतर कोरडा फिरतो. ऐकायला कोणी नाही. ॲटो स्विच लावायचाच हट्ट असेल तर पाणी तुटताच मोटार बंद पाडणारं ड्राय-रन संरक्षण असलेला स्टार्टर तरी घ्या.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी चार शब्द. गावच्या नळयोजनेचा पंप उघड्या विहिरीवर आडवा बसवलेला असेल तर वरचं सगळं त्यालाही लागू आहे, आणि तिथं पंप बंद पडला की सगळं गाव घागरी घेऊन रस्त्यावर येतं. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे एक साधी वही द्या. तारीख, मोटार सुरू झाल्यावर दोन तासांनी पाण्याची खोली, व्हॅक्यूम गेजचा आकडा, डिलिव्हरीच्या गेजचा आकडा आणि ॲम्पिअर. फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा नोंद पुरेशी. पंप दुरुस्तीचं बिल मंजुरीला येईल तेव्हा ती वही बिलासोबत मागवा, आणि काढलेला जुना पंखा समोर ठेवायला सांगा.